हैदराबादचे एक घर आणि बाप होण्याची विद्या

'पालकत्व' हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी नव्हता. त्यांच्या वेळी 'पालक' हा शब्द मुख्यतः शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असे, सहीच्या जागेपुरता. मूल वाढवायला काही शिकावे लागते असे कोणी म्हटले असते तर ते हसले असते. आता पणजी-मडगावच्या शाळांतून सकारात्मक पालकत्वाच्या कार्यशाळा होतात, समुपदेशक येतात, पडद्यावर चित्रे दाखवतात. मुलाला मारू नका, त्याचे ऐकून घ्या, त्याची दुसऱ्याशी तुलना करू नका. सगळे खरे आणि चांगले. पण हे सगळे परवा कोणीतरी परदेशात शोधून काढले आणि आपल्याकडे पाठवले, अशी समजूत मात्र बरोबर नाही. आपल्याही देशात आईबापांनी या गोष्टी करून पाहिल्या आहेत. काही साधल्या, काही फसल्या.

दुसरी एक गोष्ट. मराठीत आई उदंड आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिचा चित्रपट केला, आणि आईपणाचा एक मोठा आदर्श घरोघरी पोचला. बापाचे काय? बाप आपल्या साहित्यात बहुधा उंबरठ्यावर उभा असतो, रागीट नाहीतर हरलेला. म्हणून आज एका बापाविषयी लिहावेसे वाटते. तो मराठी नव्हता, पण ज्या शहरात तो राहिला त्या शहराशी मराठी माणसाचा संबंध फार जुना आहे. ते शहर हैदराबाद, आणि तो बाप म्हणजे डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय. सरोजिनी नायडूंचे वडील.

अघोरनाथ मूळचे पूर्व बंगालमधल्या विक्रमपूरचे. जन्म १८५१ चा. शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेला गेले आणि एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट घेऊन परतले. ब्राह्मो समाजाचे. निजामाच्या राज्यात नवे शिक्षण सुरू करण्यासाठी त्यांना हैदराबादेत बोलावले गेले. त्यांनी तिथे जे कॉलेज उभे केले त्यातूनच पुढे १८८७ साली निजाम कॉलेज आकाराला आले. सरोजिनीचा जन्म हैदराबादचा, १३ फेब्रुवारी १८७९. आठ भावंडांत ती सर्वांत मोठी.

हा माणूस निव्वळ प्राध्यापक नव्हता. १८८३ साली हैदराबादपासून चांद्यापर्यंत (आपले आजचे चंद्रपूर) रेल्वे नेण्याची योजना निघाली. त्या व्यवहारात संस्थानचे नुकसान होणार आणि परकीय भांडवलदारांचे फावणार, असे म्हणत काही सुशिक्षितांनी जाहीर प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांत अघोरनाथ पुढे होते. निजाम सरकारने त्यांना नोकरीवरून निलंबित केले आणि राज्याबाहेर घालवले. पुढे त्यांना परत बोलावले गेले ती गोष्ट वेगळी. सरोजिनी तेव्हा चार वर्षांची होती. सरकारी चाकरीत असताना सरकारला प्रश्न विचारणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्या कारकुनाला वेगळे समजावून सांगायला नको! अशा बापाच्या घरी धैर्याचा धडा मुलांना पुस्तकातून द्यावा लागत नाही.

त्या घराचे वर्णन खुद्द सरोजिनींनीच करून ठेवले आहे. १९०५ साली लंडनमध्ये त्यांचा 'द गोल्डन थ्रेशोल्ड' हा पहिला मोठा कवितासंग्रह निघाला. त्याला आर्थर सायमन्स या इंग्रज कवीने प्रस्तावना लिहिली आणि सरोजिनींनी आपल्या बालपणाविषयी जे लिहून कळवले होते ते तीत घातले. वडिलांविषयी ती लेक जे सांगते ते वाचून थक्क व्हायला होते. एवढा विद्वान माणूस भारतात विरळा, असे ती म्हणते, आणि त्याच दमात त्यांना मोठा स्वप्नाळू आणि मोठा अयशस्वी माणूसही म्हणून टाकते. लांब पांढरी दाढी, आणि छप्पर उडेल असे हसणे. पैसा दोन गोष्टींत गेला, लोकांना मदत करण्यात आणि किमयेच्या प्रयोगांत. हो, तांब्याचे सोने करण्याच्या नादात! एडिंबरोचा रसायनशास्त्रज्ञ घरी किमया करीत होता. आणि रोज त्यांच्या बागेत दरबार भरे. सगळ्या धर्मांचे पंडित, राजे, भिकारी, साधू आणि चक्क लबाड माणसेसुद्धा तिथे येत, आणि सगळ्यांना सारखीच वागणूक मिळे.

मुले हे सगळे पाहत होती. आजच्या कार्यशाळेत 'मुलांशी दर्जेदार वेळ घालवा' असे सांगतात. अघोरनाथांनी मुलांसाठी राखून ठेवलेला वेळ किती होता कोण जाणे. पण त्यांचा स्वतःचा वेळ मुलांसमोर उघडा होता. मोठ्यांच्या जगाचे दार लावून मुलांना 'तू जा, अभ्यास कर' असे सांगणारे ते घर नव्हते. वडील कोणाशी बोलतात, कशावर हसतात, कशावर चिडतात, कशात फसतात, हे मुलांना दिसत होते. आपला बाप अयशस्वी आहे असे लेकीने लिहावे, आणि त्या वाक्यात तुच्छता नसून प्रेम असावे, हे नाते कमावणे सोपे नाही. आपण बाप लोक आपले अपयश मुलांपासून लपवण्यात अर्धे आयुष्य घालवतो.

आता त्या घरातली एक गोष्ट, जी आजच्या कुठल्याही समुपदेशकाला खटकेल. वडिलांचा आग्रह होता की मुलांनी इंग्रजी बोलावे. सरोजिनी हट्टी. बोलायला तयार नाही. नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला एका खोलीत दिवसभर एकटी कोंडून ठेवले. बाहेर आली ती फर्डे इंग्रजी बोलतच, असे ती स्वतः सांगते. आयुष्यात वडिलांकडून झालेली ही एकमेव शिक्षा, असेही सांगते. त्यानंतर वडिलांशी ती दुसऱ्या भाषेत बोलली नाही. आई मात्र मुलीशी हिंदुस्थानीत बोले, आणि मुलगी आईला उत्तर इंग्रजीत देई.

ही गोष्ट नेहमी गमतीने सांगितली जाते. बघा, बापाने कोंडले म्हणून भारताची कोकिळा झाली! मला ती गंमत वाटत नाही. सरोजिनींची आई वरदासुंदरी स्वतः तरुणपणी बंगालीत कविता करीत असे. म्हणजे घरात कवितेचा झरा आईकडूनही होता, आणि तो बंगाली होता. लेक मोठी कवयित्री झाली, पण आईच्या भाषेत नाही. लंडनला गेल्यावर एडमंड गॉस या समीक्षकाने तिच्या सुरुवातीच्या इंग्रजी कविता पाहिल्या, तर त्यांत सगळे इंग्लंडचेच पक्षी आणि इंग्लंडचाच निसर्ग. त्याने सांगितले की तुझ्या देशाचे लिही. एका इंग्रज माणसाने हैदराबादच्या मुलीला हैदराबादचे लिही म्हणून सांगावे लागले. त्या बंद खोलीचा हिशेब मांडायचा तर हाही त्यात धरायला हवा.

तरीही अघोरनाथांना मी वाईट बाप म्हणणार नाही, कारण पुढच्या गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत. मुलीने गणिती किंवा शास्त्रज्ञ व्हावे ही त्यांची इच्छा. मुलगी अकरा वर्षांची असताना बीजगणिताचे एक उदाहरण सोडवायला बसली, ते काही सुटेना, आणि त्याऐवजी एक सबंध कविता सुचली. तिने ती लिहून काढली. बाराव्या वर्षी ती मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक झाली आणि देशभर नाव झाले. तेराव्या वर्षी सहा दिवसांत तेराशे ओळींचे काव्य लिहिले. मग तब्येत बिघडली. डॉक्टरने पुस्तकाला हात लावू नको म्हणून बजावले, तर त्या रागात तिने दोन हजार ओळींचे नाटक लिहिले. नेमाचा अभ्यास सुटला तो सुटलाच. चौदा ते सोळा या वयात तिने हवे ते वाचले आणि वह्याच्या वह्या भरल्या.

आता विचार करा. बारा वर्षांची मुलगी मॅट्रिक होते, वर्तमानपत्रांतून नाव येते, आणि पुढची काही वर्षे ती कॉलेजात जात नाही. आजचा कोणता बाप हे सहन करील? शेजारी विचारतील, नातेवाईक विचारतील. आपल्याकडे दहावीला नव्वद टक्के मिळालेल्या मुलाने 'मी वर्षभर नुसता वाचणार आहे' असे म्हणून पाहावे! अघोरनाथांचे गणिताचे स्वप्न तिथेच मोडले. ते त्यांनी मोडू दिले. स्वप्न बापाचे होते, आयुष्य मुलीचे होते. तुलना आणि अपेक्षा यांवरच्या चार व्याख्यानांतून जे सांगितले जाते ते त्यांनी कोणी न शिकवता केले.

पण तिसऱ्या परीक्षेत ते पुन्हा अडखळले. सरोजिनी पंधरा-सोळा वर्षांची असताना तिचे मन डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्यावर बसले. ते तेलुगू, ब्राह्मणेतर, वयाने बरेच मोठे. घरचे राजी नव्हते. १८९५ साली निजामाची शिष्यवृत्ती घेऊन तिला इंग्लंडला पाठवले गेले, तेही तिच्या मनाविरुद्ध. आधी लंडनचे किंग्ज कॉलेज, मग केंब्रिजचे गर्टन. तीन वर्षे. सप्टेंबर १८९८ मध्ये ती परतली, आणि डिसेंबरमध्ये मद्रासला १८७२ च्या कायद्याखाली तिचे गोविंदराजुलूंशीच लग्न लागले. ते लावले तेलुगू समाजसुधारक वीरेशलिंगम पंतुलूंनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बंगाली ब्राह्मण मुलीचे तेलुगू ब्राह्मणेतराशी लग्न म्हणजे काय गहजब झाला असेल, हे सांगायला नको. आपल्या गोव्यात आजही पत्रिका आणि पोटजात बघितल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

मुलीला लांब पाठवणे हा बापाचा डाव होता असे म्हणा, नाहीतर विचार करायला दिलेला वेळ म्हणा. दोन्ही अर्थ निघतात. पण तीन वर्षांनी तिचे मन तेच आहे असे दिसल्यावर त्या घराने मुलीला तोडले नाही. पालकाला पहिल्याच झटक्यात शहाणपण सुचले पाहिजे असे कुठे आहे? मागे फिरण्याची वाट त्याने उघडी ठेवली की पुष्कळ झाले.

या घरातून एकटी सरोजिनी निघाली नाही. धाकटा वीरेंद्रनाथ आय.सी.एस. व्हायला विलायतेला गेला आणि क्रांतिकारक झाला. पहिल्या महायुद्धात बर्लिनमध्ये भारतीय क्रांतिकारकांची समिती उभी करणारा 'चट्टो' तो हाच. पुढे रशियात गेला आणि १९३७ साली स्टालिनच्या राजवटीत गोळीला बळी पडला. सर्वांत धाकट्यांपैकी हरींद्रनाथ कवी, नाटककार आणि नट झाला. म्हातारपणी हिंदी चित्रपटांत त्यांनी केलेली कामे आमच्या पिढीला आठवत असतील. सुहासिनी कम्युनिस्ट चळवळीत गेली. एकाच बागेत वाढलेली ही झाडे, एकही दुसऱ्यासारखे नाही. मुले आपल्यासारखी व्हावीत असा आग्रह असता तर हे झाले नसते. सगळ्यांचे भले झाले असेही नाही. चट्टोचा शेवट वाचताना अंगावर काटा येतो. अघोरनाथ १९१५ साली कलकत्त्यात वारले, मुलाचा तो शेवट त्यांना पाहावा लागला नाही. मोकळे सोडलेले मूल सुखी होतेच असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. ते त्याचे स्वतःचे जगते, एवढेच.

आणि सरोजिनी आई म्हणून कशा होत्या? लग्नानंतर पहिल्या काही वर्षांतच चार मुले झाली: जयसूर्य, पद्मजा, रणधीर, लीलामणी. पहिल्याच संग्रहात या चौघांना नावानिशी उद्देशून कविता आहे. पण पुढे देशाचे काम अंगावर आले. १९२५ साली त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, १९३० पासून तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. घरापासून महिनोन्महिने दूर. तिथून त्यांनी मुलांना लिहिलेली पत्रे छापली गेली आहेत. त्यांत उपदेश कमी आणि गप्पा जास्त आहेत. कोण भेटले, काय खाल्ले, कोणाची फजिती झाली. बापाच्या बागेतला दरबारच जणू त्या पाकिटात घालून पाठवीत. पद्मजा पुढे १९५६ ते १९६७ पश्चिम बंगालच्या राज्यपाल होत्या. हैदराबादचे 'गोल्डन थ्रेशोल्ड' हे नायडू कुटुंबाचे घर पुढे हैदराबाद विद्यापीठाकडे आले, आणि सत्तरच्या दशकात त्या विद्यापीठाची सुरुवात त्या घरातूनच झाली.

आता आपल्या मराठी माणसांकडे वळू. त्याच काळात हैदराबादेत एक भरगच्च मराठी समाज होता. निजामाच्या राज्यात सगळा मराठवाडा होता, त्यामुळे वकिली, नोकरी, शिक्षण यांसाठी परभणी-नांदेडची माणसे राजधानीत येत. आपल्या शेजारच्या सावंतवाडीजवळचे कोलगाव, तिथले श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही चित्रकार म्हणून हैदराबादला गेले होते. पुढे वेदांचे पंडित म्हणून जगाने ओळखले ते हेच. परभणीकडचे केशवराव कोरटकर वकिलीसाठी १८९६ साली हैदराबादला आले आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. या मंडळींच्या खटपटीतून १९०७ साली 'विवेक वर्धिनी' ही मराठी शाळा उभी राहिली. राज्याची भाषा उर्दू, १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. अशा ठिकाणी मुलांना मराठीतून शिकवायचे म्हणजे पालकांनी पदरमोड करून शाळा चालवायची. पालकत्व असेही असते, घराच्या भिंतीबाहेरचे.

याच केशवरावांनी आपला मुलगा विनायक याला मात्र हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीला धाडले. केशवराव आर्यसमाजी. तिथले शिक्षण हिंदीतून, आणि मुलांना वर्षानुवर्षे घरी न पाठवण्याचा तिथला दंडक. मुलगा तिथली 'विद्यालंकार' पदवी घेऊन आला आणि ती पदवीच त्याचे आडनाव झाली. मग विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला. विनायकराव विद्यालंकार पुढे हैदराबाद राज्याचे मंत्री आणि १९५७ साली लोकसभेचे सभासद झाले. गावातल्या मुलांसाठी मराठी शाळा आणि स्वतःचा मुलगा दूर हिंदी गुरुकुलात, यात ढोंग नव्हते. श्रद्धा होती. पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला आईपासून इतके लांब ठेवण्याची किंमत त्या मुलाने आणि त्या आईने दिली, तिची नोंद चरित्रांत सापडत नाही. वरदासुंदरीच्या कवितांसारखीच.

आणि एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये याच विवेक वर्धिनीच्या सभागृहात निजाम राज्याची सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे लोकांनी शांतपणे ऐकली. आलंपल्ली वेंकट रामाराव नावाचे वकील उठून तेलुगूत बोलू लागले, तेव्हा श्रोत्यांनी टाळ्या पिटून, हुर्यो करून त्यांना बसवले. राज्यातल्या सर्वांत मोठ्या समाजाची भाषा ती! अपमान झालेल्या तेलुगू तरुणांनी त्याच रात्री एकत्र येऊन आंध्र जनसंघाची स्थापना केली, आणि तेलंगणातल्या तेलुगू जागृतीची चळवळ तिथून उभी राहिली. ज्यांनी आपल्या मुलांच्या भाषेसाठी पदरमोड केली, त्यांच्याच सभागृहात दुसऱ्याच्या मातृभाषेला हसले गेले. आपल्या मुलाला आपल्या भाषेचा अभिमान द्यावा, पण त्याबरोबर दुसऱ्याच्या भाषेची टर उडवणे त्याच्या हाती येऊ नये. हे मुलाला व्याख्यानाने कळत नाही. आपण घरात कोणाची नक्कल करून हसतो, ते बघून कळते.

हैदराबादचे आणखी एक मराठी घर आठवते. नरहर कुरुंदकर शिकायला आपल्या मामांकडे, डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे हैदराबादेत राहिले. मामा मराठीचे प्राध्यापक, आणि भाच्याला इंटरची परीक्षा पुन्हा पुन्हा आडवी आली. प्रगतिपुस्तक हाच मोजमापाचा दंड धरला असता तर तो मुलगा वाया गेलेला ठरला असता. पुढे तोच नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य आणि मराठीतला एक थोर विचारवंत झाला. परीक्षेत नापास होणारे मूल घरात वाचते आहे, वाद घालते आहे, हे ज्या घराला दिसते त्या घराचे ऋण मोठे असते.

गोव्याच्या वाचकाला इथे आपल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचून ज्याचे मन उडाले, असा हा माणूस. १८९९ साली तरुण बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते ज्ञानाच्या शोधात निघून गेले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप. काही वर्षांनी परतले. १९०७ साली दामोदरचा जन्म झाला. आणि मग हाच बाप १९१८ साली माणिक आणि दामोदर दोघांना अमेरिकेत घेऊन गेला. मुलाला हार्वर्डपर्यंत आणि मुलीला रॅडक्लिफपर्यंत नेले. मुलीलाही, हे विशेष. दामोदर कोसंबी गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजले. पण माणिकच्या पहिल्या वर्षांतला बाप कोठे होता? बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली? धर्मानंदांनी १९२४ साली 'निवेदन' हे आत्मचरित्र लिहिले. त्यात त्यांनी आपले घर सोडणे लपवले नाही, ही त्यांची थोरवी. बाळाबाईंनी काही लिहिले नाही.

या साऱ्या बापांना पालकत्वाचे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. ते आले नंतर. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, 'शिक्षण पत्रिका' चालवली, आणि मूल हे मारून घडवायचे मडके नाही असे आईबापांना सांगायला सुरुवात केली. गिजुभाईंच्या एका गुजराती पुस्तकाच्या नावाचाच अर्थ 'आईबाप होणे अवघड आहे' असा होतो. १९६६ साली डायना बाउमरिंड या अमेरिकन बाईंनी आईबापांचे तीन प्रकार मांडले: हुकूम सोडणारे, मोकाट सोडणारे, आणि शिस्त ठेवूनही कारण सांगणारे, मुलाचे ऐकून घेणारे. तिसरा प्रकार मुलांना सर्वांत मानवतो, असा त्यांचा निष्कर्ष. १९७९ साली स्वीडनने घरातसुद्धा मुलांना मारायला कायद्याने बंदी केली, असे करणारा तो पहिला देश. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली छडी बंद केली. कागदावर तरी.

अघोरनाथांना बाउमरिंडच्या कोणत्या खणात बसवाल? खोलीत कोंडले तेव्हा ते पहिल्या खणात होते. कविता लिहिणाऱ्या मुलीला वाचत बसू दिले तेव्हा लोकांना ते दुसऱ्या खणात वाटले असतील. लग्नाच्या वेळी पहिल्यातून निघून तिसऱ्यात आले. जिवंत माणूस असाच खणाखणांतून फिरतो. शिकायचे ते एवढेच की पहिल्या खणात गेल्यावर तिथेच बिऱ्हाड करायचे नाही.

आता आपल्या गोव्याचे. घरात कोंकणी आणि वाचायला, कीर्तनाला, नाटकाला मराठी, असे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे घर. १९८७ च्या राजभाषा कायद्याआधीची भांडणे आपण पाहिली. १९९० साली सरकारने कोंकणी-मराठी प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचे ठरवले, आणि २०११ साली ते इंग्रजीलाही खुले झाले. त्या प्रत्येक वेळी पालकांचे मोर्चे निघाले, दोन्ही बाजूंनी. 'पालकांचा हक्क' हा शब्द आपण तेव्हा भरपूर ऐकला. मुलाच्या बाजूने कोण बोलले? आज म्हापशाच्या बाजारात तीन वर्षांच्या पोराला आई सांगते, 'हँड वॉश कर, मग बनाना खा.' आजी शेजारी गप्प उभी असते. तिला नातवाशी बोलायची भाषाच उरलेली नाही. खोलीला कुलूप लावलेले नाही, पण मूल आत आहे आणि आजी बाहेर.

इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही. सरोजिनींना इंग्रजीने जग दिले, दामोदर कोसंबींना दिले, माझ्याही मुलांना ती हवी आहे. पण नऊ वर्षांच्या त्या मुलीच्या घरात निदान आई हिंदुस्थानीत बोलत राहिली, बागेत उर्दू चालू राहिले. म्हणूनच हैदराबादच्या बांगडीवाल्यांच्या आणि पालखीवाल्यांच्या कविता पुढे तिला लिहिता आल्या. आपण इंग्रजी देताना दुसरी दारे बंद करतो आहोत का, एवढे प्रत्येक आईबापाने पाहावे. मुलाला दोन-तीन भाषा जड होत नाहीत, गोमंतकीयाला हे दुसऱ्याने सांगायला नको.

कार्यशाळेला जरूर जावे. तिथे सांगतात ते ऐकावे. घरी आल्यावर मुलाला जवळ बसवून आपल्या आजीची एखादी गोष्ट तिच्याच बोलीत सांगावी, आणि आज कचेरीत आपली कशी फजिती झाली तेही सांगावे. मूल हसेल. हसू द्यावे. अघोरनाथांच्या घरावर छप्पर उडेल असे हसू होते, आणि सतरा-अठरा वर्षांनी त्या मुलीने जगाला वडिलांविषयी सांगताना त्या एका शिक्षेबरोबर ते हसूही सांगितले.